सटीचा निवद

वांगी भाजायला लागली की वास पार ओढ्यापलीकडं जातो, असं सत्यशीला सकाळपासून दोनदा म्हणाली होती. पुष्पावतीनं दोन्ही वेळा "जातोय की" म्हणून मान हलवली. तिच्या नाकाला वांग्याचा वास येत नव्हता आणि गोवऱ्यांच्या धुराचाही येत नव्हता. करोनाच्या तापातून उठली तेव्हा नाक आणि जीभ दोन्ही तिकडंच राहून गेली. येईल, येईल म्हणत तिनं वाट बघितली. मग वाट बघायचंही सोडून दिलं. सांगितलं मात्र कुणाला नाही. काय सांगायचं? आणि सांगून कोण काय करणार होतं?

आज चंपाषष्ठी. वस्तीवर तिला सट म्हणतात. आषाढापासून बंद असलेलं वांगं आणि कांदा आज सुटायचा, पण तो आधी खंडोबाला दाखवून. भाऊकी आता गावात आणि मळ्यामळ्यांत पांगली होती, पण देवाचे टाक थोरल्या घरी, म्हणजे पुष्पावतीच्या नवऱ्याकडं, गोरक्षनाथाकडं. त्यामुळं भरीत-रोडग्याचा निवद याच घरच्या चुलीवर व्हायचा आणि दुपारी तळी भरली की सगळी भाऊकी याच अंगणात जेवायला बसायची. वाटणीच्या वेळी विहिरीवरून, बांधावरून, अहो, शेवग्याच्या एका झाडावरून माणसं हमरीतुमरीवर आली होती. देव कुणाकडं राहायचे हा विषय निघाला तेव्हा मात्र सगळे एका सुरात म्हणाले, थोरल्याकडंच शोभतात. शोभतात! म्हणणाऱ्यांचं काय जातंय? भल्या पहाटे गार पाण्यानं डोक्यावरून अंघोळ करून, ओल्या केसांनी चुलीपुढं बसून, तोंडात पाण्याचा थेंब न घेता अख्ख्या भाऊकीचं भरीत घोटायचं ते थोरल्या घरच्या सुनेनं.

पुष्पावती पाटावर बसली होती खरी, पण उठायचं कसं, या विचारानंच तिचे गुडघे दुखत होते. देवाचा तिला कंटाळा नव्हता. कंटाळा आला होता तो दरवर्षी त्याच चुलीपुढं आपणच असण्याचा. कुणीतरी यावं, हातातली पळी काढून घ्यावी आणि 'बस आता' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते कुणी म्हणत नव्हतं.

"वहिनी, सोलून झाली वांगी," सत्यशीला म्हणाली. ती गोरक्षनाथाची धाकटी बहीण, शेवगावकडं दिलेली. सासरी सट नसते, म्हणून दरसाल सकाळच्या एसटीनं ती माहेरी यायची. "घोटू का मी? तुमचा हात भरून आला आसंल."

"नगं, वन्सं. तात्या बघत्याल तर उगं बोलत बसत्याल."

तात्या म्हणजे रंगनाथ, गोरक्षनाथाचे चुलते. भाऊकीत आता तेवढंच जुनं माणूस उरलं होतं. बाहेर बाजेवर बसून ते सकाळपासून सगळ्यांवर नजर ठेवून होते. लग्न झालेल्या लेकीचा देव बदलतो, तिनं वांगी भाजावीत, सोलावीत, कांद्याची पात चिरावी. निवदाच्या परातीला तिचा हात लागता कामा नये, असा त्यांचा कायदा. सत्यशीलेला तो लहानपणापासून पाठ होता आणि तितकाच डोक्यात जायचा.

दाराच्या चौकटीत निकिता येऊन उभी राहिली. पुष्पावतीची सून. ती आणि अमृत दोघंही नागापूरला कंपनीत, राहायला नगरलाच. काल रात्री दोघं आली होती.

"आई, मी काही करू का आत येऊन?"

"डोक्यावरनं गार पान्यानं आंघुळ केली का?"

"गरम पाण्यानं केली."

"मग ऱ्हाऊ दी. ताटं पुसून ठीव तेवढी."

"बरं," असं म्हणून निकिता इतक्या चटकन वळली की पुष्पावतीला हसू आलं. ती स्वतः सून म्हणून या घरात आली तेव्हा अशीच सुटकेच्या वाटा शोधायची, पण तिच्या सासूनं, झुंबरबाईनं, एकही वाट मोकळी ठेवली नव्हती.

•

सत्यशीला पात चिरता चिरता वहिनीच्या हाताकडं बघत होती. मुद्दामच बघत होती.

तिची आई, झुंबरबाई, म्हणायची की निवद चाखायचा नसतो, मीठ हाताला कळतं. आईच्या हाताला कळायचंही. वहिनीच्याही कळायचं, पुष्कळ वर्षं कळलं. मग एका सटीला भरीत अळणी निघालं. सगळे गपचूप जेवले. गेल्या सटीला ते इतकं खारट झालं होतं की माणसं भाकरीचा मोठा तुकडा आणि भरीत नावाला असं करत उठली. वर पुन्हा "वहिनींच्या हाताची चव काय सांगावी!" पुढं एका लग्नाच्या मांडवात भाऊकीतल्या दोघी बायका सत्यशीलेच्या पाठीमागंच हसत होत्या. थोरल्यांकडं सटीला जायचं तर घरनं दही घेऊन जावं, म्हणे. सत्यशीलेच्या अंगाचा तिळपापड झाला होता. वहिनीची चेष्टा झाली म्हणून झाला, आणि आईच्या चुलीची झाली म्हणून त्याहून जास्त झाला.

आता पुष्पावतीनं परातीत भरीत घोटलं, ठेचा घातला, दाण्याचं कूट घातलं, बरणीतून मूठभर मीठ घेऊन वरून पेरलं आणि कालवलं. एवढ्यात बाहेरून तात्यांची हाक आली.

"सूनबाई, भंडाऱ्याची वाटी कुठं ठिवलीय?"

"देवळीत हाय!"

"देवळीत न्हाई!"

पुष्पावती गुडघ्यांवर हात देऊन उठली. बाहेर गेली, वाटी शोधून दिली, परत आली. परातीपुढं क्षणभर नुसती उभी राहिली. मग बसली, बरणी ओढली आणि पुन्हा एक मूठ मीठ घेतलं.

"वहिनी..."

"काय वो?"

"मीठ मघाशी घातलं नव्हतं का तुमी?"

"कवा? आत्ता तर घालतीय." आणि तिनं ते घातलं. हात इतका ठाम होता की बघणाऱ्याला स्वतःचीच शंका यावी.

सत्यशीलेनं मान वर केली तर दारात निकिता, हातात ताटांची चळत. तिनंही दोन्ही वेळा पाहिलं होतं. दोघींची नजर भेटली आणि निकितानं लगेच खाली पाहिलं. अस्सं! म्हणजे हिलाही माहीत आहे तर.

सत्यशीलेला वाटलं, बोलावं. पण बोलून काय होणार? वहिनी म्हणणार एकदाच घातलं, आपण म्हणणार दोनदा, तात्या आपल्यालाच झापणार, आणि दुपारी ते भरीत देवापुढं जाणार. मग पुन्हा सगळे मान खाली घालून गिळणार. पुन्हा वहिनीच्या हाताची चव. तिला एकदम या सगळ्याचा वीट आला. तिनं परातीत बोट घातलं आणि तोंडात घेतलं.

जीभ पोळावी इतकं खारट होतं.

"कोन बोट घालतंय परातीत?" तात्या भंडाऱ्याची वाटी घेऊन दाराशी आले होते. कानांनी अधू होते, पण डोळे शाबूत होते.

"मी घातलं, तात्या. आन चाखलं."

"चाखलं? आरं द्येवा! येडी का खुळी तू? निवद उष्टा केला? आन म्हनं झुंबरबाईची लेक!"

"तिची लेक हाय म्हनूनच चाखलं. द्येवाला दावायच्या लायकीचं न्हाई ते. दोनदा मीठ पडलंय."

"दोनदा?" पुष्पावती म्हणाली. "काहीतरीच काय, वन्सं! निकिता, तू हुतीस ना दारात? सांग की गं."

निकितानं ताटं खाली ठेवली. आधीच पुसलेली ताटं ती पुन्हा पुसायला लागली.

•

गोरक्षनाथ पडवीत दिवटीला तेल घालत होता. मार्गशीर्षाच्या पाडव्यापासूनचा त्याचा उपास, आज तो सुटायचा. आतला आवाज चढला तसा तो आणि अमृत दोघंही दाराशी आले. काय झालं ते त्याला दोन वाक्यांत कळलं. निवद उष्टा झाला याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. आता ते दुसरं निघणार, याची त्याला धास्ती वाटली.

कारण सगळ्यांत आधी त्यालाच कळलं होतं. रोज जेवायला तोच बसायचा ना. एक दिवस कालवण अळणी, दुसऱ्या दिवशी तोंडात घालवत नाही असं. पहिल्यांदा तो बोलणार होता, पण बायको शेजारी बसून स्वतःचं ताट मुकाट जेवत होती आणि तिच्या तोंडावर काहीच उमटत नव्हतं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलंय, तू घालूच नको, मी माझं वरून घेत जाईन, असं त्यानं तिला सांगून टाकलं. रोजच्या जेवणाचं तेवढ्यावर भागलं. सटीचं काही भागत नव्हतं.

"आत्या, दाण्याचं कूट वाढवायचं ना थोडं," अमृत म्हणाला. "चाखायची काय गरज होती?"

"तू शिकिव मला! मागल्या सटीला काय केलंस रं तू? चाखलं न्हाईस, पर गिळलंस ना?"

"मागल्या सटीला काय झालं?" पुष्पावतीनं विचारलं.

अमृत चुलीतल्या जाळाकडं बघायला लागला.

"अवो, मी इचारतीय. काय झाल्तं मागल्या सटीला?"

"जरा जास्त पडलं हुतं," गोरक्षनाथ म्हणाला.

"आन त्याच्या आदी?"

"त्या वर्षी ऱ्हायलं हुतं."

"आन घरातलं? रोजचं?"

"व्हतं कवा कवा."

"म्हंजी तुमचा त्यो डॉक्टर..."

"कुठला डॉक्टर न्हाई, पुष्पा."

चारचौघांत तो बायकोचं नाव कधी घेत नसे. तात्यांनीही चमकून पाहिलं.

पुष्पावती पाटावरून उठायला गेली, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. सत्यशीलेनं हात पुढं केला. तो न घेता ती भिंतीला धरून उभी राहिली.

"मला चव न्हाई," ती म्हणाली. "वासबी न्हाई. त्या तापापासनं न्हाई. मीठ पडलं का ऱ्हायलं, काय कळत न्हाई. मला वाटायचं, कुनाला कळलं न्हाई. आन तुमी समदी जानून हुता. जेवायला बसलं की वहिनीच्या हाताची चव, आईच्या हाताची चव! लाज न्हाई वाटली तुमाला?"

"आई, तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"नाही, अमृत," निकिता म्हणाली.

•

निकिताला खरं तर बोलायचं नव्हतं. या घरात सण म्हटलं की ती आल्यापासून जाईपर्यंत दिवस ढकलायची. राहुरीला विद्यापीठाच्या कॉलनीत वाढलेली पोरगी. तिच्या माहेरी देवापुढं साखर ठेवली की निवद झाला. लग्नानंतरच्या पहिल्या सटीला ती हौसेनं आत गेली होती. तेव्हा तात्या म्हणाले होते, हात लाव बाळा, म्हंजी पुढल्या साली तुझ्याच हाती. तेव्हापासून तिनं कशालाच हात लावला नव्हता.

पण 'वाईट वाटलं असतं' हे तिला ऐकवेना.

"वाईट वाटायचं नंतरचं," ती म्हणाली. "खरं सांगायचं तर आम्ही बोललो असतो, तर पुढच्या सटीला या पाटावर मी असते. आणि मला ते नको होतं, आई. मला येत नाही असं नाही. एकदा केलं की जन्माचं गळ्यात पडेल, म्हणून मी गप्प बसले. चूक आहे माझी. पण तुमच्या भावनांसाठी वगैरे मी गप्प नव्हते."

"निकिता!" अमृत म्हणाला.

"तू पण त्यासाठीच गप्प होतास. आपलं बोलणं झालंय गाडीत."

अमृतचे कान लाल झाले. तात्यांनी वाटी खाली ठेवली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पुष्पावती सुनेकडं बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणून निकिताला जास्तच कसंतरी झालं.

"ही एकटी खरं बोलली," पुष्पावती म्हणाली. "मलाबी नगंच हुतं गं. पर मला कुनी इचारलं न्हाई."

"पण आई, तुम्ही सांगायचं ना, चव येत नाही म्हणून," निकिता म्हणाली.

"सांगून? तू केलं असतंस? न्हाई. वन्संला करू दिलं असतं? न्हाई. मग करायचं मलाच हुतं ना? मग मला चव असली काय आन नसली काय!" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता मी बाहीर बसते. मला बोलवायचं न्हाई. द्येवाला उपाशी ठिवायचं का काय करायचं, तुमचं तुमी बघा."

आणि ती खरंच गेली. भिंत धरत, पडवी ओलांडून, गोठ्याजवळच्या हौदाच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

तात्यांना हे पचायला वेळ लागला. थोरल्या घरची सून सटीच्या दिवशी चुलीपुढून उठून गेली, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"जा गोरक्ष, समजाव तिला," ते म्हणाले. "भाऊकी यायची येळ झाली. राग द्येवावर काढू नाई म्हनावं."

"मी न्हाई जायचा, तात्या."

"मी करते की," सत्यशीला म्हणाली. "रानात वांगी हायेत अजून. घडीभराचं काम हाय."

"लेकीच्या हातचा चालत न्हाई. तुझा द्येव निराळा."

"ह्याच द्येवाच्या अंगनात रांगले मी!"

"रांगली अशील. लगीन झालं का न्हाई तुझं?"

"मग मी करतो," गोरक्षनाथ म्हणाला.

"तू रोडगं भाज. भरताला घरच्या बाईचाच हात लागतो. चालत आलंय तसं."

"चालत आलंय ते तिच्या जिवावर, तात्या," गोरक्षनाथाचा आवाज फाटला. उपाशी पोटी तो इतकं कधी बोलत नसे, भरल्या पोटीही नाही. "तिचं गुडघं बघा जरा जाऊन. मी बघितलं न्हाईत. पाडव्यापासनं उपास धरून बसलो आन वाटलं, देवाचं सगळं मीच करतोय."

अंगणात पहिली मोटारसायकल येऊन थांबली. कुणीतरी "येळकोट येळकोट!" म्हणून हाळी दिली. आतून कुणी जय मल्हार म्हटलं नाही.

निकितानं ओढणी कमरेला बांधली.

"अमृत, वांगी आण. मोठी बघून आण. आत्या, पाणी कुठलं घेऊ अंघोळीला?"

"रांजनातलं घ्यावं लागतं. लई गार हाय, बाळा."

"असू दे." मग ती तात्यांकडं वळली. "मी करते आज. पुढच्या वर्षीचं आज कुणी विचारायचं नाही मला."

"असं अर्धंमुर्धं द्येवाला चालत न्हाई, पोरी. हात लावला का..."

"तात्या," गोरक्षनाथ म्हणाला, "तुमी बाजेवर जाऊन बसा बरं."

तात्या उभ्या उभ्या बघत राहिले. मग काठी शोधायला लागले. काठी त्यांच्या हातातच होती.

•

पुष्पावती हौदाच्या कट्ट्यावर बसून होती. न्हाणीतून निकिताचं हुहू करणं आणि सत्यशीलेचं "झालं, झालं, अजून एकच तांब्या" ऐकू आलं. अमृत वांग्याची पाटी घेऊन धावत गेला. भाऊकीतली माणसं अंगणात जमली होती, ती आधी तिच्याकडं आणि मग दाराकडं बघत आपापसांत बोलत होती. बोला म्हणावं. दोघी बायका जवळ आल्या, बरं न्हाई का म्हणून विचारलं. "बरी हाय," ती म्हणाली. "बसलीय." सटीच्या दुपारी आपण बसलोय, हे तिला सांगायलाच किती विचित्र वाटलं.

हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही वाटत नव्हतं. हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत कळत नव्हतं. इतक्या जणांनी इतके दिवस आपल्यापासून एक गोष्ट झाकली, याचा अपमान सलत होता. नवऱ्यानं खोटा डॉक्टर उभा केला, त्याचं काय करावं तेही समजत नव्हतं. चिडावं तर त्यानंच सगळ्यांत जास्त खारट खाल्लं होतं. ती थकली होती. रडायचेही कष्ट नको वाटत होते.

आत सत्यशीला हात मागं बांधल्यासारखी उभी राहून तोंडानं सगळं सांगत असणार. आवाज येतच होते. "बारीक घोट. देठ काढ की गं. आता ठेचा. बास, बास." मध्येच गोरक्षनाथ रोडगे काढायला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांकडं गेला आणि येताना तिच्यापाशी थांबला.

"पानी देऊ?"

"उपास सुटायच्या आदी?"

"तुला देऊ म्हनतोय. पी."

"निवद होऊ द्या," ती म्हणाली. तो पाय ओढत निघून गेला.

मग आतले आवाज थांबले. जरा वेळ नुसती कुजबुज झाली. सत्यशीला म्हणत होती, "मला इचारू नगं, माझी मूठ माझ्या घरच्या मानसांची." आणि निकिताची हाक आली, मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी.

"आई! मीठ किती घालू?"

माणसं पुष्पावतीकडं बघायला लागली. मांडीवर ठेवलेल्या तिच्या हाताची मूठ आपोआप वळली, इतक्या भरताला इतकं म्हणून. सांगायला तिला क्षणही लागला नसता. पण आज सांगितलं की पुढल्या सटीलाही हाक इथंच येणार, आणि ती मूठ खोटी ठरलेली मूठ होती. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"चाखून बघ," ती म्हणाली.

ऐकू गेलं नसावं असं वाटून ती उठली, गुडघे धरून उभी राहिली.

"चाखून बघ म्हनलं!"

"सूनबाई!" तात्या बाजेवरून ओरडले. "निवद हाय त्यो! द्येवाच्या आदी..."

"द्येवाला काय सांगायचं ते मी सांगते, तात्या. तुमच्यासारखंच त्यानंबी मुकाट खाल्लंय ना? ना अळनी म्हनला, ना खारट म्हनला. आज येवढं उष्टं खाईल." तिनं दाराकडं तोंड केलं. "निकिता, तुझ्या जिभेला कळतंय ना? मग चाख!"

सगळं अंगण दाराकडं बघत उभं राहिलं. आत परातीवर बांगडी वाजली.

"आई, कमी आहे!"

"मग घाल," पुष्पावती म्हणाली, आणि खाली बसली.